जाळी लावली आणि मी उठून बाहेर आलो

पत्र असं आहे:

"ताई, माझं वय ५२. जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघालाय. ३३ सिटिंग रेडिएशन आणि सोबत केमो सांगितलंय. मास्क बनवला त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं. काल पहिलं सिटिंग होतं. जाळी चेहऱ्यावर ठेवली, क्लिपा खट खट बसल्या आणि माझा श्वासच अडकला. ओरडलो, हातपाय झाडले. त्यांनी लगेच काढला मास्क, थोडं थांबून परत लावू म्हणाले, पण मी उठून बाहेर आलो. बायको बाहेर बसली होती, तिला सांगितलं मशीन बंद पडलंय. रात्रभर झोप नाही. आत खोकला आला तर? उलटी झाली तर? लाईट गेली तर? ते मला आतच विसरले तर? मास्कशिवाय होत नाही का हे? नाहीतर नुसत्या केमोवर भागणार नाही का? दोन मुलांचा बाप आहे मी आणि एका प्लास्टिकच्या जाळीला घाबरलो, कुणाला सांगू पण शकत नाही."

दादा,

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या लिहायला बसलेय कारण यात वेळ घालवून चालणार नाही. मी बरीच वर्षं रेडिएशनच्या मशीनवर टेक्निशियन होते. हे मास्क माझ्या हातांनी बनवलेत, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या चेहऱ्यावर लावलेत आणि काढलेत. त्यामुळे एक गोष्ट छातीठोकपणे सांगते, काल जे तुमचं झालं ते अनेकांचं होतं. धिप्पाड माणसं, स्वतः ऑपरेशन करणारे डॉक्टर, सगळं आयुष्य हिमतीने काढलेल्या बाया, सगळ्यांना मी त्या टेबलावर थरथरताना पाहिलंय. डोकं कुणी आवळून धरलं की शरीर सुटायला धडपडतंच, ते तुमच्या हिमतीवर नसतं, ते आपोआप होतं. उलट तुम्ही ओरडलात ते बरंच झालं. मला जास्त काळजी वाटायची ती गप्प पडून मुठी आवळणाऱ्यांची, काही बोलायचे नाहीत आणि चौथ्या दिवसापासून यायचेच बंद व्हायचे.

आधी तुमचा तो केमोचा प्रश्न घेते कारण तो सगळ्यात नाजूक आहे. नाही दादा, नुसत्या केमोवर नाही भागत. या आजारात रेडिएशन हाच मुख्य उपचार आहे आणि सोबतची केमो त्या रेडिएशनचा जोर वाढवायला देतात, एकटी केमो गाठ काही काळ लहान करेल पण मुळापासून काढणार नाही. आणि एकदा सिटिंग सुरू झाली की मध्ये खंड पडू द्यायचा नसतो, तीन-चार आठवड्यांनंतर तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्तच वेगाने वाढायला लागतात, म्हणून डॉक्टर एकेका दिवसाचा हिशोब ठेवतात. कालचा दिवस गेला तर गेला, अजून काही बिघडलं नाहीये. पण आठवडाभर विचार करतो आणि मग बघतो असं मात्र करू नका, प्लीज.

आता मास्क कशाला ते सांगते, कारण मला वाटतं तुम्हाला कुणी नीट बसून सांगितलं नसावं. तुमच्या गाठीच्या अगदी शेजारी मणक्यातला मज्जारज्जू आहे, दोन्ही गालांच्या मागे लाळेच्या ग्रंथी आहेत, खाली स्वरयंत्र आहे. रेडिएशनचा प्लॅन असा बनवलेला असतो की गाठीला पूर्ण डोस मिळावा आणि या सगळ्यांना जमेल तितका कमी, आणि त्यात हलायला जागा सोडलेली असते फक्त ३ ते ५ मिलीमीटर. आता पेन्सिलची जाडी बघा हातात घेऊन, तेवढीसुद्धा नाही. माणूस कितीही मनापासून स्थिर पडला तरी १५ मिनिटांत मान तेवढी सरकतेच, आणि हे ३३ दिवस, रोज अगदी त्याच जागी यायला पाहिजे. शिवाय रोज त्याच जागी आणायला लेसरच्या उजेडाच्या रेषा ज्या खुणांशी जुळवतात त्या मास्कवरच काढतात, त्यामुळे चेहऱ्यावर पेनाच्या रेघोट्या घेऊन फिरायला लागत नाही. म्हणजे पुढे जाऊन तुमची लाळ थोडीफार शिल्लक राहिली, नीट गिळता आलं, तर त्यात या जाळीचा मोठा वाटा असणार आहे. म्हणून मास्कशिवाय नाही होत. पण वेगळ्या प्रकारचा मास्क होऊ शकतो, त्यावर येते पुढे.

तुम्ही लिहिलंय बनवताना काही वाटलं नाही आणि काल एकदम गळा आवळल्यासारखं झालं. त्याला साधं कारण आहे. मास्कचं शीट आधी ६५ ते ७० डिग्रीच्या पाण्यात ठेवून मऊ करतात, पाणी निथळून, जरा निववून चेहऱ्यावर ओढतात, त्यामुळे ते ऊबदार ओल्या टॉवेलसारखं लागतं, बऱ्याच जणांना तर बरं वाटतं. मग ते थंड होत होत चेहऱ्यावरच कडक होतं. आणि थंड झाल्यावर हे प्लास्टिक किंचित आकसतं. म्हणून काल तोच मास्क टणक आणि टाईट लागला. त्यात भर म्हणजे पहिला दिवस सगळ्यात लांब असतो, फोटो काढा, प्लॅनशी जुळवा, डॉक्टरांना दाखवा, परत जुळवा, अर्धा तास पाऊण तास सहज जातो. पुढच्या दिवसांत तेच काम बहुतेक वेळा १०-१५ मिनिटांत उरकतं आणि त्यात प्रत्यक्ष रेडिएशन चालू असतं ते काहीच मिनिटं. म्हणजे सगळ्यात अवघड दिवस तुमच्या वाट्याला पहिल्यांदाच आला.

तरीही एक तपासून घ्या. हनुवटीला, नाकाच्या हाडाला किंवा गळ्याशी एखाद्याच जागी रुतत असेल तर ते सोसायचं नाही, बोट ठेवून दाखवायचं. मास्क बनवल्यापासून चेहरा सुजला असेल, दाढी वाढली असेल, केस खूप वाढले असतील तरी फरक पडतो, तेव्हा मास्क बनवताना दाढी-केस जसे होते तसेच शेवटपर्यंत ठेवा. आणि खरंच बसत नसेल तर नवीन बनवतात, त्यात काही संकोच नको.

आता मुख्य गोष्ट. उद्या सकाळी डिपार्टमेंटला फोन करायचा आणि टेबलावर चढायच्या आधीच सांगायचं की मला मास्कची भीती वाटते. मास्क लागल्यावर नाही, आधी. एवढंच एक वाक्य, पण त्याने आमचं पूर्ण काम बदलतं. एरवी बाहेर पुढचे पेशंट बसलेले असतात, आम्ही भराभर क्लिपा लावतो आणि बाहेर पळतो कारण तेवढंच तुमचं आतलं पडून राहणं कमी होतं. पण आधी कळलं तर तुम्हाला दिवसातली जरा निवांत वेळ देता येते. मास्क नुसता हातात देता येतो, फिरवून बघा, भोकांतून बोट घालून बघा, तोंडाजवळ धरून त्यातून श्वास घेऊन बघा म्हणजे पटेल की ती जाळी आहे, पिशवी नाही, हवा चारी बाजूंनी येते. मग क्लिप न लावता नुसता ठेवायचा, काढायचा. मग लावून पाच आकडे मोजायचे आणि काढायचा. मग वीस. मशीन सुरूच करायचं नाही, नुसता सराव. मी स्वतः असा सराव करून घेतलाय आणि जवळजवळ प्रत्येक वेळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस टेबलावर टिकला. क्लिप लावताना एकेक सांगून लावा म्हणून सांगा, "आता डावीकडची लावतेय" असं. अचानक खट झालं की दचकायला होतं, सांगून झालं की नाही होत. आणि डोळे मास्क यायच्या आधीच मिटून घ्या. उघडे ठेवले की पापण्या जाळीला घासतात आणि जाळी जवळ येताना दिसते, तो क्षणच सगळ्यात वाईट असतो.

तुमच्या चार भीत्या आता एकेक करून.

खोकला. आला तर हात वर करायचा, बस. आत कॅमेरे असतात, बाहेर आमची नजर स्क्रीनवरच असते, बहुतेक ठिकाणी माईकही असतो म्हणजे तुमचा आवाज बाहेर येतो आणि आमचा आत. काही ठिकाणी हातात बेल पण देतात, विचारा. हात वर झाला की मशीन तिथल्या तिथे थांबवतात, दार उघडतं, आम्ही धावत येतो आणि क्लिपा सोडायला काही सेकंद लागतात. ते सेकंद मात्र मान उचलायला बघू नका, त्यानेच घाबरायला होतं, नुसता हात वर आणि श्वास सोडत राहायचं. आणि मध्ये थांबलं म्हणून डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून परत जुळवून उरलेला देतात. तेव्हा ३३ वेळा हात वर केलात तरी चालेल. साधं गिळणं, हळू श्वास घेणं, पापण्या हलवणं यासाठी तर परवानगी लागतच नाही.

उलटी. केमो चालू आहे म्हणजे ही भीती काही उगाच नाही. पोट गच्च भरून जाऊ नका, अगदी रिकामंही नको, उलटीची गोळी कधी घ्यायची ते सिटिंगच्या वेळेनुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्या. मळमळतंय वाटलं की टेबलावर चढायच्या आधीच सांगा, दहा मिनिटं थांबवतील. आत असताना वाटलं तर लगेच हात वर, कळ काढत बसायचं नाही.

लाईट. गेली तर रेडिएशन त्याच क्षणी बंद होतं, विजेशिवाय ते तयारच होत नाही. दार हाताने उघडायची सोय असते आणि मास्कच्या क्लिपांना वीज लागतच नाही, त्या बोटांनी उघडतात. अंधारात पण.

विसरतील का. नाही दादा. तुमचं सिटिंग संपून तुम्ही उतरल्याशिवाय पुढचा पेशंट आत येऊच शकत नाही, कारण टेबल एकच आहे. आणि मशीन चालू असताना दार जरी उघडलं तरी रेडिएशन आपोआप बंद होतं, अशी रचनाच असते. तुम्ही आत एकटे असता हे खरं, पण बाहेर निदान दोन डोळे तुमच्यावर लागलेले असतात, बहुतेक वेळा चार.

यावरून एक पेशंट आठवतात. गृहस्थ तुमच्याच वयाचे, असेच पहिल्या दिवशी उठून गेलेले. परत आले तेव्हा मुठीत बायकोचा रुमाल होता, विचारलं चालेल का, म्हटलं हातात काय हवं ते ठेवा, फक्त खांदे हलवू नका. मी बाहेर स्क्रीनवर बघायचे तर चेहरा तर जाळीखाली, दिसायचा फक्त तो अंगठा, रुमालाच्या काठावरून हळूहळू फिरायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. अंगठा फिरतोय म्हणजे ठीक चाललंय हे आम्हालाही कळायला लागलं. एक दिवस अंगठा थांबला आणि मूठ वळली तेव्हा त्यांनी हात वर करायच्या आधीच मी मशीन थांबवलं होतं, घशात चिकट लाळ अडकली होती. त्यांची सगळी सिटिंग झाली. शेवटच्या दिवशी रुमाल पार चुरगळून गेला होता.

हातात काहीतरी ठेवण्यासारखंच डोक्यालाही काम द्यायला लागतं. मी सगळ्यांना शिकवायचे ते असं. नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, पोट फुगू द्यायचं, मग सहा आकडे मोजत हळूहळू बाहेर. एक श्वास म्हणजे दहा सेकंद. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजायची, एका श्वासाला एक पेर. एका हाताची बारा पेरं झाली की दोन मिनिटं गेली. सात-आठ फेऱ्या झाल्या की सिटिंग संपलेलं असतं. याने दोन गोष्टी होतात, लांब श्वास सोडला की छातीची धडधड खरंच कमी होते आणि दुसरं म्हणजे किती वेळ राहिलाय हे तुमच्या हातात येतं, कारण आत पडल्यावर दोन मिनिटं वीस मिनिटांसारखी वाटतात. गाणी आवडत असतील तर तीन-चार गाणी ठरवून द्या त्यांना लावायला, रोज तीच, तिसरं गाणं लागलं म्हणजे आता थोडंच राहिलं. आणि माईकवरून "अर्धं झालं", "शेवटचे दोन मिनिटं" असं सांगा म्हणावं, आम्हाला त्याचे काही कष्ट नसतात.

घरी पण सराव करा, आजपासूनच. कडक गादीवर उताणे, उशी नाही, मानेखाली टॉवेलची छोटी गुंडाळी, डोळे मिटून पेरं मोजायची. आज पाच मिनिटं, उद्या दहा, मग वीस. जवळच्या माणसाने एक तळहात कपाळावर आणि एक हनुवटीवर हलका ठेवायचा म्हणजे दाबाची सवय होते. प्लास्टिक किंवा काही घट्ट गुंडाळून सराव अजिबात नको. आणि उताणं झोपल्यावर खरोखरच दम लागत असेल, भीतीने नाही तर घशातल्या गाठीने, तर ते वेगळं आहे, ते डॉक्टरांना आधी सांगायचं.

एवढं करूनही नाही जमलं तर गोळी असते. भीती कमी करायची सौम्य गोळी, सिटिंगच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची, अनेकांना पहिल्या काही दिवसांपुरतीच लागते. पण ती तुमच्या डॉक्टरांनीच द्यायला पाहिजे, कारण तुमच्या घशात गाठ आहे आणि अशा गोळ्यांनी श्वास थोडा मंदावू शकतो, आधीच वेदनेची औषधं चालू असतील तर आणखीनच. कुणाच्या घरात पडलेली झोपेची गोळी घेऊन जाऊ नका. घेतली की त्या दिवशी गाडी चालवायची नाही, दारू नाही, सोबत माणूस हवा. पूर्ण बेशुद्ध करून देता येईल का असंही लोक विचारतात, लहान मुलांना देतात तसं, पण मोठ्यांमध्ये सहा-सात आठवडे रोज भूल हे धोक्याचं म्हणून अगदी क्वचितच करतात.

आणि तो वेगळा मास्क म्हणाले ना. डोळे-नाक-तोंड उघडं राहील असा मास्क मिळतो, कपाळ आणि हनुवटी धरून ठेवतो. काही ठिकाणी नेहमीच्याच मास्कला डोळ्यांपाशी किंवा नाकापाशी मोठं भोक कापून देतात. सगळ्यांनाच चालत नाही, गाठ कुठे आहे आणि तिथे हालचाल टिपायची काय सोय आहे त्यावर असतं, पण विचारायचा तुमचा हक्क आहे. फक्त स्वतः कात्री लावू नका आणि बनवून झालेला मास्क कापायचा की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, त्याचा घट्टपणा गेला की तो निरुपयोगी होतो.

आत गेल्यावर डोळे मिटलेले असूनही कधी निळसर चमक दिसेल, कधी स्विमिंग पूलसारखा विचित्र वास येईल. काही जणांना येतो, तो खरा असतो, त्याने इजा होत नाही. मशीन गुंगुं करत भोवती फिरेल, पण अंगाला लागणार नाही. मास्क काढल्यावर गालावर जाळीचे ठसे उमटतात ते थोड्या वेळात जातात.

एक पुढचं सांगून ठेवते म्हणजे तेव्हा गोंधळायला नको. पहिले काही दिवस सवय होते, वाटतं जिंकलं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भीती परत येऊ शकते. तेव्हा तोंडात फोड आलेले असतात, लाळ घट्ट तारेसारखी होते, उताणं पडलं की ती मागे साचते. आत जायच्या अगदी आधी सांगितलेल्या पाण्याने गुळण्या करून घसा मोकळा करा, साचलेलं थुंकून टाका, जास्तच असेल तर नळीने ओढून काढायची सोय विचारा. दुखण्याचं औषध अशा वेळी घ्या की सिटिंगच्या वेळेला त्याचा जोर असेल, हे पण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. आणि याच काळात वजन उतरतं, गाल बसतात आणि मास्क सैल होतो. लोकांना सुटल्यासारखं वाटतं, बोलत नाहीत. मला कितीदा तरी नवव्या-दहाव्या दिवसानंतर स्वतः बोट घालून बघावं लागायचं. सैल मास्कमध्ये डोकं हलतं आणि ज्या मिलीमीटरसाठी हे सगळं केलं तेच हातचे जातात. त्यामुळे टाईट झाला तरी सांगा, सैल झाला तरी सांगा, गरज पडली तर नवा मास्क आणि नवा प्लॅन करतात. खाणं घशाखाली उतरत नसेल तर ते लपवू नका, वजन टिकवायला काय करायचं ते त्यांच्याकडे असतं.

राहता राहिलं ते वहिनींना सांगितलेलं, मशीन बंद पडल्याचं. हे आज रात्रीच मोकळं करा. उद्या फोन करताना त्या शेजारी असू देत, तुमचा आवाज अडकला तर त्या बोलतील. कपाळावर-हनुवटीवर हात ठेवायला पण तुम्हाला त्याच लागणार आहेत. आणि पुढचे बत्तीस-तेहतीस दिवस त्या बाहेर बाकावर बसणार आहेत, आत नक्की काय चाललंय हे त्यांना माहीत नसेल तर बाहेर बसणं आतल्यापेक्षा अवघड जातं, हे मी दार उघडताना रोज बघितलंय. उद्या डिपार्टमेंट उघडल्या उघडल्या फोन करा, रेडिएशनच्या काउंटरला द्या म्हणा, आणि म्हणा, "परवा मास्क लावल्यावर घाबरून गेलो होतो तो मीच, मला परत यायचंय, पण आधी नुसता सराव करून घ्याल का?" जाताना गळ्याशी मोकळा शर्ट घाला.